बंदुकीची झूल

पेन्शन सुरू झाली की माणसाला न्यायनिवाडा करण्याचा अधिकार आपोआप मिळतो, असा आमच्या भावकीचा समज आहे. मी सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढली. निवाडा न करता फाइल पुढच्या टेबलावर सरकवणं हीच तिथली माझी खासियत होती. पण हे गावाला कोण सांगणार? मार्च २०२० मध्ये मी आणि ही चार दिवसांसाठी पुण्याहून निमगाव साव्याला आलो आणि लॉकडाउनमुळे दिवाळी होईपर्यंत तिथेच राहिलो. (पाहुणा आठ महिने राहिला की तो पाहुणा राहत नाही, भाऊबंद होतो.) त्या मुदतीत माझ्यापुढे बांधाचे दोन, कोंबडीचा एक आणि बंदुकीचा एक असे चार खटले आले. पहिले तीन मी शिरस्त्याप्रमाणे पुढे ढकलले. चौथा मात्र अजून माझ्या मनातून निकालात निघालेला नाही.

बंदूक म्हटल्यावर दचकू नका. ती मोबाइलमधली होती. आरोपी म्हणजे आमचे थोरले बंधू तात्या यांचा बारा वर्षांचा नातू, अर्थात माझाही. त्या वर्षी शाळा फोनमध्ये गेली होती, फोन पोराच्या हातात गेला होता आणि फोनमध्ये शाळेच्या शेजारीच पबजी राहत होती. पोराने बापाला न विचारता बापाच्या खात्यातून अठराशे रुपये खर्चून बंदुकीसाठी एक ‘स्किन’ मिळवली, हा आरोप होता.

“स्किन म्हणजे चामडी ना?” वहिनींनी विचारलं. “बंदुकीला कसली चामडी?”

ओसरीवर कोर्ट भरलं. पोराने पुरावा म्हणून फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर एम-४१६ नावाची बंदूक होती आणि तिच्यावर पांढऱ्या-निळ्या बर्फाचे थर चढवलेले होते. तिचं नाव ‘ग्लेशियर’, म्हणजे हिमनदी. बाहेर उसाची पानं वाळत होती आणि मी निमगाव साव्याच्या ओसरीवर हिमनदी हातात धरून बसलो होतो.

“या बर्फामुळे गोळी जास्त जोरात लागते?” मी उलटतपासणी सुरू केली.

“नाही.”

“लांब जाते?”

“नाही. बंदूक तीच, गोळीपण तीच.”

“मग अठराशे रुपये कशाचे?”

“नाना, ती दिसते भारी. आणि ती सगळ्यांकडे नसते.”

पुतण्याने कपाळावर हात मारला. त्याचं दुःख मला कळत होतं. त्या पावसाळ्यात दुधाचा भाव लिटरला वीस रुपयांच्या आसपास घसरला होता, दरासाठी राज्यभर आंदोलनं चालली होती. अठराशे रुपये म्हणजे नव्वद लिटर दूध. पहाटे चारला उठून काढलेलं नव्वद लिटर दूध पोराने हिमनदीत ओतलं होतं. त्यावर पोराचं म्हणणं असं की, अठराशेत मिळाली हे आपलं नशीबच, कारण ती विकत मिळत नाही. पैसे भरून पेट्या उघडायच्या, आत काय निघेल त्याचा नेम नाही. दुसऱ्या आळीतल्या एकाचे चार हजार गेले तरी त्याला बंदूक मिळाली नव्हती, नुसते टीशर्ट निघाले होते. तेही मोबाइलमधलेच.

मी घसा साफ केला. ‘ज्या वस्तूचा काही उपयोग नाही तिच्यासाठी पैसे मोजणं हा मूर्खपणा आहे,’ या वाक्याने सुरू होणारं एक छान भाषण माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पोराने शांतपणे विचारलं, “नाना, तुमच्या स्कूटरच्या नंबराची बेरीज नऊ आहे ना? मग ती पेट्रोलला जास्त अ‍ॅव्हरेज देते का?”

कोर्टात हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने आमची ही हसली. २०१२ साली मी नवी स्कूटर घेतली तेव्हा आर.टी.ओ.त जादा पैसे भरून तो नंबर मागून घेतला होता. त्या पैशांत एक बरी साडी आली असती, हे तिने मला तेव्हापासून पुष्कळ वेळा सांगितलेलं आहे. आठ वर्षांनी तिला बारा वर्षांचा वकील मिळाला.

निकाल मी दोन भागांत दिला. बापाला न विचारता पैसे घेतले ही चोरी, त्याची शिक्षा म्हणून पोराने नव्वद लिटर दूध डेअरीवर पोचवावं. पण बंदूक हवीशी वाटली हा गुन्हा आहे की नाही, तो भाग मी अभ्यासासाठी राखून ठेवला. कचेरीत ‘अभ्यासासाठी’ म्हणजे कायमचं. इथे मात्र मी खरोखर अभ्यास केला.

दुर्मिळ वस्तूला किंमत येते, एवढं तर शाळेतल्या पुस्तकातही असतं. जुलै २०२३ मध्ये आमच्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. पण टोमॅटो खाता येतो. बरं, नुसतं दुर्मिळ असून भागतं म्हणावं, तर तरुणपणी मी लिहिलेल्या कवितांची वही जगात एकच आहे. चाळीस वर्षांत तिच्यासाठी एकही गिऱ्हाईक आलेलं नाही. म्हणजे वस्तू दुर्मिळ हवी, आणि ती दुर्मिळ आहे हे ओळखणारी चार माणसंही हवीत. आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे: चारचौघांत. चारचौघांत उठून दिसणं, चारचौघांत मान असणं. चारचौघं काढून घेतले की त्या बर्फाच्या बंदुकीची आणि माझ्या कवितेच्या वहीची किंमत सारखीच होते.

ही हौस नवी आहे असं समजून नव्या पिढीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आमच्या जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. त्यांत इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याची नोंद आहे. कुठल्या मुलखातला माणूस, सह्याद्रीत येऊन त्याने पाण्याची सोय केली आणि शेजारी खडकात नाव कोरून घेतलं. टाक्याचा उपयोग तहानेला. नावामुळे पाण्याला काही गोडी आली नसणार. तरी त्याने छिन्नीवाल्याला त्याचे पैसे दिलेच असतील. (त्याच्या बायकोचं त्यावर काय म्हणणं होतं ते कोरलेलं नाही.)

आणि नंबराच्या बाबतीत तर मी एकटा वेडा नाही. ४१४१ हा आकडा वळणं देऊन ‘दादा’ असा वाचता येतो, म्हणून त्यावर जीव टाकणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने दर वाढवले, तेव्हा चारचाकीच्या ०००१ या नंबरासाठी पाच लाख रुपये ठरले आणि पुण्या-मुंबईसारख्या शहरांत सहा लाख. तीन शून्यांचे आणि एका एकचे सहा लाख!

पण इथे एक फरक माझ्या लक्षात आला. पैठणी महाग, कारण ती विणायला महिनेच्या महिने जातात. चांगला बैल महाग, कारण तो घडायला वर्षं लागतात. त्यांचं दुर्मिळपण घामातून येतं. पोराची बंदूक मात्र एक काढायला आणि एक लाख काढायला कंपनीला सारखेच कष्ट, म्हणजे जवळजवळ शून्य. ती दुर्मिळ असते ती केवळ कोणीतरी बटण दाबायचं नाही असं ठरवलं म्हणून. तिची किंमत म्हणजे तो शब्द. माझ्या नंबराचंही तसंच; हा आकडा दुसऱ्या कुणाला देणार नाही, एवढा सरकारचा शब्द मी विकत घेतला होता.

आणि शब्द फिरतो. काउंटर-स्ट्राइक नावाच्या खेळात २०१३ पासून अशा रंगीत बंदुका आणि सुऱ्या मिळतात. त्या तिथे खऱ्या पैशांत विकल्या जातात, आणि एकेका सुरीला आमच्याकडच्या बैलजोडीला लाजवील असा भाव असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने एक नियम बदलला. लाल दर्जाच्या पाच वस्तू दिल्या की एक सुरी किंवा हातमोजे मिळतील, असं केलं. एका-दोन दिवसांत सुऱ्यांचे भाव कोसळले, लाल वस्तूंचे चढले. अब्जावधी डॉलर उडाल्याचे अंदाज छापून आले. एकाही सुरीचा रंग उतरला नव्हता, एकीचीही धार गेली नव्हती. फक्त शब्द फिरला होता. त्यातून त्या पेट्या नशिबाच्या. पैसे घेऊन अशा पेट्या उघडायला लावणं हा जुगारच, असं बेल्जियमने २०१८ साली ठरवलं. पोराच्या हौसेला मी माफ केलं, तरी बारा वर्षांच्या पोरासमोर अशी पेटी ठेवणाराला माफ करायला माझं मन घेत नाही.

आता खटल्याचा उरलेला भाग सांगतो. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी होती. ३० ऑक्टोबरला खेळ पुरता बंद पडला. पोराने त्या संध्याकाळी भाकरीला हात लावला नाही. त्याचा बाप “बरं झालं” म्हणाला, मी “अति तिथे माती” म्हणालो, ही हसली. हसले नाहीत ते एकटे तात्या.

तात्यांच्या गोठ्यात तेव्हा सर्जा होता. तो बैलगाड्याचा बैल. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे घाटात गाडा पळतो तो काही सेकंदांपुरता. तेवढ्यासाठी वर्षभर बैलाला दूध, अंडी, भरडा. शेतीचं काम त्याला लावायचं नाही. ‘घाटाचा राजा’ म्हणून भोंग्यातून नाव पुकारलं गेलं, अंगावर गुलाल पडला की झालं. सर्जा अगदी भरात होता तेव्हाच, ७ मे २०१४ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. २०१७ साली राज्याने कायदा केला, तोही उच्च न्यायालयात अडकला. (बैलांच्या हालांचा प्रश्न खोटा नव्हता, हे तात्याही मान्य करतात, फक्त ‘आपल्या गोठ्यात नाय’ एवढी पुस्ती जोडतात.) बाजारात अशा बैलांचे भाव पडले. बेल्ह्याच्या बाजारात नेऊन सर्जाला काढून टाका, असं मीसुद्धा पुण्याहून फोनवर दोनदा सांगितलं होतं. तात्यांनी तो ठेवला. सहा वर्षं बिनकामाचा बैल, आणि त्याचा खुराक.

जेवण न करता बसलेल्या पोराला तात्या गोठ्यात घेऊन गेले. मी पाठोपाठ गेलो.

“बंदूक गेली व्हय रं?”

“हो ना. काहीच राहिलं नाही.”

“मोडली का?”

“मोडली नाही. असेल तिथेच. पण दाखवणार कुणाला?”

तात्यांनी सर्जाच्या पाठीवर हात फिरवला. “ह्याचंबी त्येच झालंय. बैल हाये तसाच हाये. बघणारं गेलं.”

थोडा वेळ दोघंही काही बोलले नाहीत. मग पोराने विचारलं, “मग तुम्ही याला ठेवलाय कशाला?”

“आता काय,” तात्या म्हणाले, “आता तो माझाच हाये.”

२ जुलै २०२१ ला तोच खेळ बी.जी.एम.आय. असं नवं नाव घेऊन परत आला. जुन्या खात्यातला माल नव्यात नेता येत होता. पोराची हिमनदी परत मिळाली. पण तोवर त्याचे दोस्त दुसऱ्या खेळात गेले होते. दोन दिवस त्याने बंदूक इकडून तिकडून पाहिली आणि मग तो क्रिकेट खेळायला गेला. बंदी नव्हती, बंदूक होती, चारचौघं नव्हते.

१६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कायदाही कायम केला. सर्जा आता म्हातारा होता, पळणं शक्य नव्हतं. तरी २०२२ च्या उन्हाळ्यात तात्यांनी त्याला झूल घालून जवळच्या एका यात्रेला नेलं. कासरा पोराच्या हातात होता. घाटाच्या कडेला बसलेला एक म्हातारा उठला, डोळ्यांवर हात धरून बघत म्हणाला, “ह्यो निमगावचा सर्जा न्हवं?” आणि त्याने मूठभर गुलाल बैलाच्या कपाळाला लावला. तात्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण मला माझाही चष्मा पुसायचा होता.

पुढच्या वर्षी सर्जा गेला. त्याची झूल तात्यांच्या पलंगाशेजारी खुंटीला आहे. ती कुणाला दाखवण्यासाठी ठेवलेली नाही. तिला काय भाव येईल, असं विचारायची माझी छाती नाही.

राखून ठेवलेला निकाल अजून तसाच आहे, कारण न्यायाधीशाचंच शील संशयास्पद आहे. परवा पोरगं कॉलेजच्या प्रवेशासाठी पुण्याला आलं. जिन्याखाली माझी धूळ खात पडलेली स्कूटर त्याने पाहिली, नव्या सरकारी पाटीवरचे आकडे मोजले आणि म्हणालं, “नाना, नंबर मात्र भारी आहे हं!”

मी हिला हाक मारली. ती बाहेर येईपर्यंत त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.