चूकभूल द्यावी घ्यावी

आमच्या दुकानाच्या बिलावर अगदी खाली एक ओळ छापलेली आहे : चूकभूल द्यावी घ्यावी. ती आम्ही सांगून छापून घेतलेली नाही. वडिलांच्या काळात पहिली बिलबुके आणली, तेव्हा छापखानेवाल्याने ती आपणहून टाकली होती. मराठी मुलखात दुकानदाराच्या बिलावर ती असायचीच. वर्षानुवर्षे आम्ही ती बिले फाडून देत आलो. त्या तीन शब्दांनी आपल्यावर काही जबाबदारी येते, हे मात्र आम्हाला एका चारोळीच्या गाठोड्याने शिकवले. या रविवारच्या पत्रिकेसाठी ‘धंद्यातील सचोटी’ यावर चार शब्द लिहा, असे फादरांनी सांगितले, तेव्हा उपदेश सुचण्याऐवजी तेच गाठोडे डोळ्यांसमोर आले.

आमचे दुकान तुमच्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचे आहे. पुढे किराणा आणि मागे लहानसे स्वयंपाकघर. सकाळी तर्री-पोहे, दुपारनंतर आलूबोंडे आणि भजी. बाजाराच्या दिवशी बसून खाणारे थोडे आणि पार्सल बांधून नेणारे जास्त. एस.टी.तून उतरलेली माणसे आधी मीठ-तेल घेतात आणि जाताना घरच्या लेकरांसाठी चार बोंडे घेऊन जातात. किराण्यात सुटतात दोन पैसे, कढईत सुटतात चार. दोन्ही मिळून घर चालते.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, आतल्या गावातली एक म्हातारी बाई आली. लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली चारोळी तिने काट्यावर ठेवली. चाराची फळे जंगलातून वेचून आणायची, भिजवून त्यांचा गर काढायचा, बिया वाळवायच्या आणि मग जात्यावर जपून भरडून आतला दाणा अख्खा काढायचा. दोन किलो चारोळीमागे किती दिवस गेले असतील, ते तिचे तिलाच माहीत. तिला पैसे नको होते, सामान हवे होते. खडे मीठ, लिटरभर तेल, किलोभर साखर, किलोभर तूरडाळ, एक साबण आणि नातवंडांसाठी चार आलूबोंडे. ‘किती देऊ बाई?’ असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘तुमी द्याल तेच खरं जी.’ आम्ही मागितलेले सगळे दिले, वर एक बोंडा जास्त घातला. ती हसत गेली. आमच्याही मनाला बरे वाटले.

त्याच आठवड्यात चंद्रपूरचा व्यापारी आला आणि ती दोन किलो चारोळी पंधराशे रुपयांना घेऊन गेला. बाईला दिलेल्या सामानाची किंमत चारशेच्या आत होती. रात्री गल्ला मोजताना आम्ही दोघे नवराबायको बराच वेळ काही बोललो नाही. आमचा खर्च, आमची मेहनत आणि वाजवी नफा धरूनही आठशे रुपये असे उरत होते, की ते कोणत्या नावाने वहीत लिहावेत ते समजेना.

पुढच्या शनिवारी पापनिवेदनाची तयारी करताना आम्ही आज्ञा एकेक करून मनाशी तपासल्या. सातवी आज्ञा चोरीची. आम्ही चोरी केली का? काटा बरोबर होता, त्यावर वजनमापे खात्याचा शिक्का होता. आठवी आज्ञा खोटेपणाची. आम्ही खोटे बोललो का? नाही, कारण तिने भाव विचारलाच नाही. जबरदस्ती केली का? ती राजीखुशीने आली आणि राजीखुशीने गेली. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आमच्या बाजूने येत होते, तरी मन स्वस्थ होईना. राजीखुशीने झालेला व्यवहार न्यायाचाच असतो का, हा खरा प्रश्न तेथे आमच्यापुढे उभा राहिला.

मन मोठे हुशार असते. त्याने आमच्यासाठी वकिली सुरू केली. गाडीभाडे आमचे, माल पडून राहिला तर नुकसान आमचे. आम्ही घेतली नसती तर दुसऱ्याने याहून कमी देऊन घेतली असती. शिवाय सगळाच बाजार असा चालतो, मग एकट्या आम्हीच का शहाणे व्हायचे? यातले पहिले दोन मुद्दे खरे आहेत. दुकानदाराने तोट्यात बसावे असे ख्रिस्तसभेने कधी शिकवलेले नाही. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वाइनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. नफा ही मुळात वाईट गोष्ट नाही, घर चालवण्यासाठी किंवा गरिबांना मदत करण्यासाठी मर्यादेत मिळवलेला नफा रास्त आहे, असे ते तेथे स्पष्ट सांगतात. हे वाचून आम्हाला हायसे वाटले. पण पुढे वाचल्यावर ते टिकले नाही.

संत थॉमस एक उदाहरण देतात. एखाद्याने आपल्याजवळचे सोने पितळ समजून विकायला काढले आणि घेणाऱ्याला ते सोने आहे हे ठाऊक असले, तर घेणारा अन्यायाने घेतो आणि त्याला फरकाची भरपाई करावीच लागते. येथे विकणारा राजी आहे, घेणारा खोटे बोललेला नाही, वजनातही कमी-जास्त नाही. तरीही ते अन्यायाचेच. कारण विकणाऱ्याचा होकार पितळाला होता, सोन्याला नव्हता. आमच्या बाईचा होकारही तसाच होता. चारोळी शहरात काय भावाने जाते हे तिला माहीत असते आणि मग ती ‘द्याल तेच खरं’ म्हणाली असती, तर गोष्ट वेगळी होती. माहिती नसताना दिलेला होकार हा अर्धाच होकार असतो. उरलेला अर्धा आपण तिच्या वतीने स्वतःच देऊन टाकलेला असतो.

याच प्रकरणातील आणखी एक नियम आम्हाला धंद्यात रोज उपयोगी पडतो. वस्तू देताना आपले काही नुकसान होत असेल, तर ते किमतीत धरता येते. पण समोरच्याची गरज मोठी आहे एवढ्याच कारणाने किंमत वाढवता येत नाही, कारण ती गरज त्याची आहे. जी आपली नाही ती आपण विकायची कशी? घेताना भाव पाडणाऱ्यालाही हाच नियम लागतो. संध्याकाळची शेवटची एस.टी. सुटत आली आहे, बाईला गावी परतायचे आहे, म्हणून भाव उतरवणे म्हणजे तिच्या घाईचे पैसे करणे. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात सातव्या आज्ञेच्या विवेचनात (परिच्छेद २४०९) दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन भाव चढवण्याचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे सातव्या आज्ञेपाशी आम्ही स्वतःला फार लवकर निर्दोष ठरवले होते. आम्ही चोरी काट्यावर शोधत होतो आणि ती काट्याच्या बाहेर झाली होती.

आपल्या भागात या प्रश्नाला एक जुना इतिहास आहे. मिठाच्या बदल्यात चारोळी ही गोष्ट मध्य भारताच्या साऱ्या जंगलपट्ट्यातील जुन्या माणसांना ठाऊक आहे. मीठ जंगलात पिकत नाही आणि त्यावाचून भागत नाही. ज्याच्या हाती मीठ, त्याच्या हाती भाव. हे चित्र हळूहळू बदलले, ते प्रामुख्याने हक्क आणि माहिती गावापर्यंत पोहोचल्यामुळे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीचे परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि गाव आपला बांबू स्वतः विकू लागले. २०१३-१४ पासून केंद्र सरकारने गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजनाही सुरू केली. पण योजना कागदावर असणे आणि भाव एका म्हाताऱ्या बाईच्या कानावर जाणे, यात पुष्कळ अंतर आहे. त्या अंतरात आमच्यासारखी दुकाने उभी असतात. ते अंतर कमी करायचे की त्यावर गल्ला भरायचा, हे दुकानदाराने ठरवायचे असते.

दुकानाच्या पुढच्या भागात आम्हाला सचोटी फारशी जड जात नाही, कारण पाकिटावर किंमत छापलेली असते. लिहिता-वाचता येणारे पोरही ती वाचते, आणि आम्हाला कायद्याचा धाकही असतो. खरी परीक्षा मागच्या भागात होते. कढईतले तेल कितव्यांदा तापले आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. बसून खाणारा निदान चव पाहून तोंड वाकडे करील. पार्सल नेणारा मात्र घरी जाऊन पुडी उघडतो, तेव्हा तो आमच्यापासून पंधरा कोसांवर असतो. वारंवार तापवलेल्या तेलाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मर्यादा घातली आहे, हे खरे. पण आमच्या कढईजवळ कोणी तपासनीस रोज उभा नसतो. दिसणारा दोष गिऱ्हाईक पाहून घेईल, न दिसणारा दोष मात्र विकणाऱ्याने स्वतः सांगितला पाहिजे, असे संत थॉमस म्हणतात. म्हणून सकाळचे उरलेले पोहे संध्याकाळी विकायचे असतील, तर ‘सकाळचे आहेत’ असे सांगून आणि कमी पैशात विकतो. काही गिऱ्हाइके परत फिरतात. तो तोटा आम्ही धंद्याच्या खर्चात धरतो.

उधारीचेही तसेच. आषाढ-श्रावणात, धान घरात येण्याआधी, आपल्याकडे पुष्कळ घरे उधारीवर चालतात. थांबण्याचे पैसे गुपचूप भावात मिसळणे सोपे असते : रोखीचा भाव एक, वहीतला भाव दुसरा, आणि गिऱ्हाइकाला दुसरा दिसतच नाही. संत थॉमस याला व्याजखोरीच म्हणतात. ठोक व्यापाऱ्याने आमच्याकडून उशिराबद्दल खरोखर काही जास्त घेतले, तर ते उघड सांगून मागावे. सांगायला लाज वाटत असेल, तर ते घेण्यासारखे नाही असे समजावे.

आता त्या बाईचे काय झाले ते सांगतो. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा आली, तसेच गाठोडे घेऊन. आम्ही तिला बसवले, चहा दिला आणि चंद्रपूरचा भाव काय, आमचा खर्च किती, आम्हाला किती राहते हे सांगितले. त्या हिशेबाने नव्या चारोळीचे पैसे मोजले आणि मागच्या वर्षीचे आठशे रुपये वेगळे काढून तिच्यापुढे ठेवले. जक्कयाने चौपट परत केले होते, आम्ही तर फक्त मुद्दल देत होतो. तरी खरे सांगायचे तर आपण काही मोठे करतो आहोत असे आम्हाला वाटत होते. ती आनंदेल, आशीर्वाद देईल अशी अपेक्षा होती.

तिने नोटांना हात लावला नाही. थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, ‘अन् त्याच्या आधीच्या सालचं जी?’

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्याच्या आधीही ती येत होती. तिच्यासारख्या आणखी कितीतरी जणी येत होत्या. वडिलांच्या वेळीही येत होत्या. कोणी आमचे किती देणे लागतो, हे वडिलांच्या काळापासूनच्या उधारीच्या वहीत पैशापैशाने लिहिलेले आहे. आम्ही कोणाचे किती देणे लागतो, यासाठी मात्र वहीत एक पानही नव्हते. वस्तूला वस्तू दिली की हिशेब मिटतो, अशीच आमची समजूत होती. चूकभूल द्यावी घ्यावी या ओळीतले ‘घ्यावी’ आम्हाला नेहमी आठवत होते. ‘द्यावी’ तिने आठवण करून दिले.

बेनसिराच्या ग्रंथात एक दाखला आहे : दोन दगडांच्या फटीत जशी मेख घट्ट बसते, तसे खरेदी आणि विक्री यांच्यामध्ये पाप अडकून बसते. मेख ठोकताना फारसे कळत नाही, काढताना कळते. ज्या जणींची नावे आठवली त्यांचा अंदाजाने हिशेब करून आम्ही देत आहोत. तो पुरता होणार नाही हे माहीत आहे. ज्यांना शोधता येत नाही त्यांचा वाटा गरिबांसाठी वेगळा ठेवतो. वहीच्या शेवटी आता ‘आमचे देणे’ असे एक पान आहे. काट्याजवळच्या पाटीवर चारोळी, मोह, चिंच आणि डिंक यांचा त्या आठवड्याचा चंद्रपूरचा भाव खडूने लिहितो, आणि वाचता न येणाऱ्याला तोंडाने सांगतो. आमचा नफा कमी झाला आहे. दुकान बंद पडलेले नाही.

हे केवळ दुकानदारांसाठी लिहिलेले नाही. रोवणीला मजूर लावणारे, शेजाऱ्याचे धान घेणारे, घरकामाला मुलगी ठेवणारे, कोणाचा सरकारी अर्ज भरून देणारे, अशा आपल्यातील प्रत्येकाला समोरच्या माणसापेक्षा काहीतरी जास्त माहीत असते. या आठवड्यात आपण एवढेच करू या : असा एक व्यवहार आठवू या, ज्यात समोरचा राजी होता कारण त्याला ठाऊक नव्हते. आणि मग पुढच्या रविवारी वेदीसमोर दान ठेवण्याआधी आपल्या वहीत कोणाचे देणे लिहायचे राहून गेले आहे, ते पाहू या.

हे प्रभो, आमचा काटा तू पाहतोस आणि काट्यामागचे मनही पाहतोस. जे आम्ही विसरलो ते आम्हाला आठवू दे, आणि जे आठवले ते परत करण्याचे बळ दे. आमेन.