रतामाच्या झुडपाखाली
(शास्त्रभाग : १ राजे, अध्याय १९)

कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला ज्याने पाहिला, तोच एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने खचला. बैर-शेबा येथे चाकरास सोडून तो एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून गेला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून देवापाशी मरण मागू लागला. विश्वासू मनुष्याचेही मन असे मोडते, हे पवित्र शास्त्र लपवीत नाही. आम्ही मात्र आमच्या मंडळ्यांत ते लपवितो.

अलीकडे अशा खचलेल्या मनांस एक नवा सोबती मिळाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र मोबाईलमध्ये येऊन बसले आहे; ते मध्यरात्रीही जागे असते व ऐकून कंटाळत नाही. घरी जे सांगवत नाही ते तरुण मुलेमुली त्यास सांगू लागली आहेत. हे पाप आहे काय? आम्ही तसे म्हणत नाही. मानसोपचारतज्ज्ञ गाठण्यास जेथून जिल्ह्याच्या गावी जावे लागते, तेथे बुडत्याने हाती येईल ते धरिले तर त्यास दोष कोण देईल? परंतु हाती काय आले आहे हे त्यास ठाऊक असावे.

अमेरिकेतील जोसेफ वायझेनबाउम ह्या विद्वानांनी १९६६ साली ‘एलायझा’ नामक संगणकीय संभाषकाचे वर्णन प्रसिद्ध केले. बोलणाऱ्याचेच शब्द फिरवून प्रश्नरूपाने परत करावे, एवढीच बहुतांशी त्याची करामत. तरी त्यांच्या चिटणीस बाई, ज्यांनी ते काम सिद्धीस जाताना पाहिले होते, त्याच्याशी चार वाक्ये बोलताच साहेबांस खोलीबाहेर जावयास सांगू लागल्या! वायझेनबाउम ह्यांस ह्याची चिंता वाटली, आणि यंत्रास करता आली तरी काही कामे त्यावर सोपवू नयेत, असे त्यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात बजाविले. हल्लीची यंत्रे एलायझाहून पुष्कळ चतुर आहेत. म्हणून भूलही मोठी. २०२३ साली खाण्याच्या विकारांनी पीडलेल्यांसाठी झटणाऱ्या एका अमेरिकन संस्थेस आपले यंत्र बंद करावे लागले, कारण ते त्या रोग्यांसच वजन उतरविण्याचे सल्ले देत असल्याचे आढळले.

आमच्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार करणाऱ्यांवर गुप्ततेचे बंधन घातले आहे. यंत्राशी केलेल्या गुजगोष्टींस तेच कवच आहे, असे कोणी समजू नये.

पण यंत्रास नावे ठेवून आम्ही सुटत नाही. आमच्या मुलीने आपले दुःख आमच्याकडे न आणता यंत्राकडे का नेले? रविवारी पाळकसाहेबांस सांगितलेली गोष्ट बुधवारच्या प्रार्थनासभेत ‘विनंती’ म्हणून उघडी होते आणि गुरुवारी पाणवठ्यावर पोहोचते, हे तिने पाहिले आहे. कोणी तिला म्हणाले, तुझा विश्वास कमी. कोणी म्हणाले, भूतबाधा. यंत्राने असे काही म्हटले नाही. ह्यात आम्हांस लाज वाटावी इतके सत्य आहे.

आता देवदूताकडे पाहा. त्याने एलीयास बोल लाविला नाही, की बोधही केला नाही. त्यास स्पर्श करून उठविले, भाजलेली भाकर व पाणी पुढे ठेविले, पुन्हा निजू दिले, आणि दुसऱ्यांदा येऊन, वाट लांबची आहे म्हणून पुन्हा जेवावयास सांगितले. पुढे देवाने त्यास माणसांतच परत धाडिले, आणि नांगर धरलेला अलीशा त्याच्या सोबतीस आला. मधुर शब्द यंत्रही रचील. पण भाकर भाजून आणणे, दवाखान्याच्या रांगेत शेजारी बसणे, गोळ्या वेळेवर घेतल्या की नाही हे सायंकाळी जाऊन पाहणे, ही कामे ज्यांस हात आहेत त्यांची आहेत.

ज्यांस गावात कोणापाशीही तोंड उघडवत नाही, त्यांनी शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेस १४४१६ ह्या क्रमांकावर फोन करावा. तो विनामूल्य असून अहोरात्र चालतो, आणि मराठीतही बोलता येते. मंडळीच्या वडिलांनी हा क्रमांक उपासनामंदिराच्या दाराशी लावून ठेवावा. आणि फोन करण्यास कोणी सोबत मागितली तर त्याच्यापाशी बसावे, व काय बोलणे झाले ते विचारू नये.