मुंजातली काडी आणि बांबूतलं लिग्निन

कठोपनिषद संपता संपता एक दृष्टांत येतो. मुंज गवतातून आतली काडी सोलून काढावी, तसा अंतरात्मा शरीरापासून धीरानं वेगळा करावा. हे वाचलं की माझ्यातली मुमुक्षू मागे राहते आणि केमिस्ट आधी जागी होते. मुंज म्हणजे शेवटी गवतच, आणि ती काडी ताठ उभी राहते त्यात मोठा वाटा लिग्निनचा. चंद्रपूरकडच्या एका कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली ती हेच लिग्निन तंतूंपासून सुटं झालं की नाही हे तपासण्यात.

आमच्याकडे बांबूच्या चिप्स डायजेस्टरमध्ये कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात १६५-१७० अंशांवर शिजत. उरलेल्या तंतूंचा लगदा व्हायचा. विरघळलेलं सगळं ब्लॅक लिकरमध्ये जायचं. ते आटवायचं, रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळायचं, वाफ घ्यायची आणि क्षार परत मिळवायचे. तंतू हे सार आणि लिग्निन हे जळण, अशी साधी वाटणी. (त्या वासाबद्दल न लिहिलेलं बरं. आमच्या कॉलनीत पाहुणे दोन दिवसांवर टिकत नसत.) तिकडे नॉर्वेत सार्प्सबोर्गला मात्र बोरेगार्ड ही कंपनी १९६२ पासून स्प्रूसच्या लिग्निनपासून व्हॅनिलिन करते, टनभर लाकडामागे तीनेक किलो. आमचं जळण हे त्यांचं आइस्क्रीम.

हा व्हॅनिलाचा वास लाकडात आधीपासून होता का?

निवृत्तीनंतर पुण्यात मी तर्कसंग्रह या न्यायग्रंथाच्या वर्गाला जाऊ लागले आणि कळलं, की या प्रश्नावर आपल्याकडे शतकानुशतकं भांडण चालू आहे. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीच असतं. तेल तिळातून निघतं, वाळूतून निघत नाही. नैयायिक म्हणतात, कार्य नव्यानं उत्पन्न होतं. घडा मातीत लपून बसलेला नसतो, नाहीतर कुंभाराला काम काय? वर्ग घेणारे शास्त्रीबुवा दोन्ही बाजू इतक्या तन्मयतेनं मांडतात, की त्यांची स्वतःची कुठली ते तास संपेपर्यंत कळत नाही.

मला सांख्यांचा मुद्दा अर्धा मान्य आहे. स्प्रूसच्या लिग्निनमधून व्हॅनिलिन मिळतं, निलगिरीच्या लिग्निनमधून सिरिंजाल्डिहाइड जास्त. कशातूनही काहीही निघत नाही. पण तिळाचा दृष्टांत मला लबाड वाटतो. तिळातलं तेल घाण्याआधीही तेलच असतं. लिग्निनचं तसं नाही. ब्लॅक लिकरमध्ये आम्ल घातलं की तपकिरी भुकटी खाली बसते. ती धुऊन, वाळवून तपासा, शंभरात एक-दोन भाग गंधक निघतं. ते बांबूचं नव्हे, आमच्या सल्फाइडचं. शिवाय शिजताना जे बंध तुटतात त्यांची मोकळी टोकं एकमेकांना चिकटतात आणि कार्बन-कार्बन बंध तयार होतात. ते मूळच्यापेक्षा चिवट, आणि झाडानं कधीच न बांधलेले. १९५० च्या दशकात स्वीडनच्या ब्यॉर्कमननं लाकूड बॉल मिलमध्ये बारीक दळून, डायॉक्सेन आणि पाण्यानं हळुवार लिग्निन काढायची रीत दिली. तीही सगळं लिग्निन देत नाही, आणि दळण्यानंही रेणू थोडे तुटतातच. झाडात होतं तसंच्या तसं लिग्निन कुणाच्याही बाटलीत नाही. बाटलीत असतं ते लिग्निन अधिक ते काढण्याची रीत.

मग आत्म्याचं काय? सोलण्याच्या रीतीची खूण सोललेल्या वस्तूवर उरत असेल, तर योग्याला सापडलेला आत्मा आणि भक्ताला सापडलेला आत्मा एकच कशावरून?

शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, "ताई, तुमची शंका आचार्यांनी आधीच निकालात काढली आहे." ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या सूत्रावरल्या भाष्यात शंकराचार्य म्हणतात, की क्रियेचं फळ चार प्रकारचं असतं: उत्पाद्य, आप्य, विकार्य आणि संस्कार्य. काही नवं घडवाल, काही गाठाल, काही बदलाल किंवा काही शुद्ध कराल. मोक्ष या चारांपैकी कशातच बसत नाही. म्हणजे तो काही करून मिळवायचा नसतोच, मग रीतीची खूण उरणार कशावर? कारखान्यातलं एकूण एक काम या चारांत बसतं, हे मला तिथल्या तिथे पटलं. पण मग काडी ओढून काढायला सांगणारा कठातला दृष्टांत कशात बसवायचा?

त्यांचं उत्तर होतं अध्यारोप आणि अपवाद. समजवण्यासाठी आधी काही आरोपायचं, मग ते काढून घ्यायचं. ओढणं हा असाच एक आरोप.

हे ऐकून मला लोझानच्या लुटरबाखर यांच्या गटाचं २०१६ मधलं काम आठवलं. त्यांनी लाकूड विघटित करतानाच त्यात फॉर्माल्डिहाइड घातलं. लिग्निनच्या ज्या जागा पुढे एकमेकींना चिकटल्या असत्या, तिथे ते आधीच जाऊन बसलं. मग हायड्रोजन आणि उत्प्रेरकाच्या मदतीनं लिग्निन तोडलं, तेव्हा सुटे रेणू जवळजवळ सिद्धांतात शक्य तितके मिळाले. आधी आरोप, मग अपवाद! मी वर्गात हे सांगितलं तेव्हा शास्त्रीबुवा खुलले.

पण पुढचंही सांगणं भाग होतं. फॉर्माल्डिहाइड सगळं निघून जात नाही. ते बेंझिनच्या काही कड्यांनाही जडतं आणि शेवटी तिथे एक मिथाइल गट मागे राहतो. त्याच गटानं नंतर दुसरी आल्डिहाइडं वापरून हा डाग टाळला. म्हणजे काय आरोपलं यानं फरक पडतो.

"म्हणून तर गुरू लागतो," शास्त्रीबुवा म्हणाले.

"म्हणजे साधन कुठलं हे गौण नाही, असं तुम्ही कबूल करताय."

"व्यवहारात. परमार्थात नाही."

ही वाट मला पळवाट वाटते. परमार्थ सांगताना ज्या ऋषीनं गवत हातात घेतलं, त्यानं व्यवहार आत घेतलाच की. मग गवताला लागू असलेले नियम दारात थांबवायचा अधिकार भाष्यकारांना कुणी दिला, हे मी त्यांना विचारलं आहे. ते पुढच्या तासाला बृहदारण्यकाचं भाष्य घेऊन येणार आहेत.