बिनसांध्याची भिंत

बाळंतपण झालं की खोलीतल्या सगळ्यांचे डोळे बाळाकडे लागतात. नर्सचं लक्ष मात्र वारेकडे असतं. ट्रेमध्ये ठेवलेला तो अर्ध्या किलोचा, पसरट, रक्ताळलेला गोळा ती उलटापालटा करून नीट पाहते. बाळाच्या बाजूचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत असतो; तिथून नाळ निघते आणि तिच्या बुंध्यापासून निळसर रक्तवाहिन्या चहूकडे फाकलेल्या दिसतात. आईच्या बाजूचा भाग गडद लाल, पंधरा-वीस फुगीर खंडांचा. त्यातला एखादा खंड जागेवर नसला, तर तो आत राहिला असण्याची शक्यता. म्हणजे रक्तस्रावाची भीती आणि डॉक्टरांची धावपळ. सगळे खंड भरले की वारेचं काम संपलं. काम संपताच टाकून द्यायचा असा दुसरा अवयव आपल्याला नाही. (दुधाचे दात आहेत म्हणा, पण त्यांच्यावर कुणाचा श्वास अवलंबून नसतो.)

आईच्या बाजूच्या त्या लाल खंडांमध्ये, झाडाच्या मुळांसारखे फुटत गेलेले असंख्य बारीक अंकुर असतात. अंकुरांच्या आत बाळाचं रक्त वाहतं, आणि बाहेरून त्यांना आईचं रक्त न्हाऊ घालतं. दिवस भरत आले की हा ओघ मिनिटाला अर्ध्या लिटरच्या वर जातो. तरीही दोन रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत. मध्ये एक पातळ थर असतो. ऑक्सिजन, साखर, अमिनो आम्लं त्यातून आत जातात, कार्बन डायऑक्साइड आणि युरिया बाहेर येतात. गरोदरपणाच्या चाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते, ती ज्या संप्रेरकामुळे, तेही हाच थर तयार करतो. सगळ्या अंकुरांवरचा हा थर सपाट पसरला, तर साधारण बारा चौरस मीटर भरेल, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीच्या फरशीपेक्षा थोडा जास्तच.

आता यातली खरी नवलाची गोष्ट अशी, की एवढ्या मोठ्या थरात पेशींच्या सीमारेषाच नाहीत. आपली त्वचा, आतड्याचं अस्तर, रक्तवाहिन्यांच्या आतला पापुद्रा हे सगळं सुट्या पेशी शेजारी शेजारी बसून बनलेलं असतं. वारेच्या या थरात पेशी आपापली आवरणं मोडून एकमेकींत विलीन झालेल्या असतात. एकच अखंड पेशीद्रव, आणि त्यात अब्जावधी केंद्रकं. हा थर स्वतः वाढू शकत नाही, कारण त्यातली केंद्रकं विभागत नाहीत. त्याच्या खाली सुट्या पेशींची एक रांग असते. तिथे नव्या पेशी तयार होतात आणि वरच्या थरात विरघळत राहतात.

हा उपद्व्याप कशासाठी? सुट्या पेशींमध्ये सांधे असतात, आणि सांध्यातून शिरकाव होतो. शरीरातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून ऊतींमध्ये उतरतात, त्या बऱ्याचदा अशाच दोन पेशींमधल्या फटीतून. इथे तर बाळ निम्मं वडिलांचं, म्हणजे आईच्या रोगप्रतिकारक यंत्रणेच्या हिशेबात निम्मं परकं. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं तर शरीर त्याच्यावर तुटून पडतं, मग हा परका जीव नऊ महिने कसा खपवून घेतला जातो, हा प्रश्न पीटर मेडावार यांनी 1953 मध्ये स्पष्ट शब्दांत मांडला होता. त्याचं उत्तर एका ओळीत मिळणारं नाही; पण उत्तराचा एक भाग हा, की मधल्या भिंतीला सांधाच नाही. काही रोगजंतूंनाही ती त्याच कारणाने जड जाते.

पण पेशींना एकमेकींत विलीन करायचं कसं? हे वाटतं तितकं सोपं नाही. पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. दोन आवरणं अगदी जवळ आली तरी आपोआप एक होत नाहीत. होत असती, तर आपलं सगळं शरीरच एक लगदा झालं असतं. स्नायूंसारखे थोडे अपवाद सोडले तर आपल्या पेशी आपापली कुंपणं सांभाळून असतात. मात्र आवरणाला आवरण जोडून आत घुसणं हाच ज्यांचा धंदा आहे, असे काही आहेत: विषाणू. एचआयव्ही ज्या कुळातला आहे, त्या रेट्रोव्हायरसांच्या अंगावर एक प्रथिन असतं. ते पेशीवरचा ठराविक रेणू पकडतं, विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणाशी एकजीव करतं, आणि आतला माल पेशीत पोचता होतो.

2000 साली अमेरिकेतल्या केंब्रिज गावच्या जेनेटिक्स इन्स्टिट्यूट या कंपनीत जॉन मॅकॉय आणि त्यांचे सहकारी माणसाची जनुकं धुंडाळत होते. त्यांना एक जनुक असं सापडलं, जे जवळजवळ फक्त वारेतच जागं असतं. प्रयोगशाळेतल्या साध्या पेशींमध्ये ते घातल्यावर पेशी शेजारणींना चिकटून, विरघळून, अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी झाल्या. या जनुकाच्या प्रथिनाला त्यांनी सिन्सिटिन हे नाव दिलं. त्याचा क्रम तपासला तेव्हा कळलं, की हे रेट्रोव्हायरसच्या अंगावरचं प्रथिन आहे. फ्रान्समधला एक गट त्याच वर्षी याच निष्कर्षाला पोचला.

हे जनुक आपल्या सातव्या गुणसूत्रावर आहे. ती जागा जरा जवळून बघावी अशी आहे. तिथे नुसतं एक जनुक नाही, तर अख्ख्या विषाणूचा सांगाडा आहे: दोन टोकांना त्याचे स्वतःचे चालू-बंदचे खटके, मध्ये त्याची नेहमीची तीन जनुकं. त्यातली पहिली दोन, म्हणजे कवच बनवणारं आणि प्रती काढणारं, उत्परिवर्तनांनी पार मोडून पडली आहेत. तिसरं, आवरणं जोडणाऱ्या प्रथिनाचं, धडधाकट आहे. दोन कोटी वर्षांहून जास्त काळ तिन्ही एकाच जागी, एकाच नशिबाने पडून होती. तरी दोन मोडली आणि एक शाबूत राहिलं, याचा अर्थ तिसरं ज्यांच्यात मोडलं, त्यांचा वंश मागे पडत गेला. जनुक कामाचं आहे, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

विषाणू तिथे आला कसा, हे समजायला अवघड नाही. रेट्रोव्हायरस आपली आरएनएतली माहिती डीएनएत उतरवतो (हे उलटं लेखन टेमिन आणि बाल्टिमोर यांनी 1970 मध्ये दाखवून दिलं) आणि पेशीच्या डीएनएत खुपसतो. ती पेशी फुफ्फुसातली असेल तर धन्याबरोबर तीही मरते आणि गोष्ट संपते. ती अंडपेशी किंवा शुक्रपेशी असेल, तर पुढच्या पिढीच्या प्रत्येक पेशीत तो विषाणू जन्मतःच असतो. आपल्या डीएनएचा सुमारे 8 टक्के भाग अशा जुन्या घुसखोरांच्या अवशेषांचा आहे. प्रथिनांची माहिती असलेला भाग दोन टक्केही नाही.

इथवर आलं की 'विषाणूंनी आपल्याला जन्म दिला' असा मथळा देण्याचा मोह होतो, आणि दिलाही जातो. मला तो मथळा खटकतो. हेच जनुक आफ्रिका आणि आशियातल्या माकडांमध्ये मोडलेल्या अवस्थेत आहे, आणि माकडिणी व्यवस्थित वितात. आपल्याकडेही सिन्सिटिन एकटं नाही. सहाव्या गुणसूत्रावर दुसरं, त्याहून जुनं सिन्सिटिन आहे, तेही वेगळ्या विषाणूकडून आलेलं, आणि ते त्या माकडांमध्येही आहे. म्हणजे गोष्ट एका भाग्यवान संसर्गाची नाही.

मग कशाची? उंदरापासून सुरुवात करू. पॅरिसजवळ थिएरी हायडमान यांच्या गटाला 2005 मध्ये उंदराच्या वारेत दोन सिन्सिटिनं सापडली. काम तेच, पण त्यांचा आपल्या जनुकांशी काही संबंध नाही. ती निराळ्या विषाणूंची, निराळ्या वेळी आलेली. 2009 मध्ये त्याच गटाने यातलं एक जनुक उंदरांतून काढून टाकलं. वारेतल्या पेशी विलीन होईनात, आणि गर्भ साडेअकरा ते साडेतेरा दिवसांदरम्यान मेले. उंदराचं गरोदरपण साधारण वीस दिवसांचं. नंतर सशात सापडलं, ते आणखी वेगळं. कुत्र्या-मांजरांच्या गणात वेगळं. गाई, मेंढ्या, हरणं या रवंथ करणाऱ्यांत आणखी एक वेगळं.

गाईपाशी थोडं थांबायला हवं, कारण तिची वार आपल्या गावांत पुष्कळांनी पाहिलेली असते, आणि ती अडकली तर काय त्रेधा उडते हेही. गाईची वार एका गोळ्याची नसते. सत्तर-ऐंशी, कधी शंभराहून जास्त बटणांसारख्या जागी ती गर्भाशयाला जोडलेली असते. म्हणूनच ती अडकते तेव्हा अनेक ठिकाणी अडकते. इथे वासराच्या बाजूच्या दोन केंद्रकांच्या पेशी पलीकडे जाऊन आईच्या अस्तरातल्या पेशींमध्ये विलीन होतात आणि तीन केंद्रकांच्या पेशी बनतात. एका पेशीत दोन जिवांची केंद्रकं! पण आईचं अस्तर बाकी बरंचसं जागेवरच राहतं, त्यामुळे दोन रक्तांमधले थर जास्त. माणसात आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. गाईत जात नाहीत. वासरू प्रतिपिंडांवाचून जन्मतं, आणि पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला तरच त्याला ती मिळतात. एक दिवस उलटला की त्याचं आतडं ती घेईनासं होतं. खरवसाचा आग्रह धरणाऱ्यांनी वासराचं आधी आटोपू द्यावं, एवढं म्हणतो.

घोडी आणि डुकरीण यांच्या वारेत असा विलीन थर नाही, आणि त्यांचं काही अडत नाही. उलट दक्षिण अमेरिकेत माबुया नावाच्या सापसुरळ्या आहेत; त्या पिल्लं घालतात आणि त्यांनाही वार असते. त्यांच्यात 2017 मध्ये सिन्सिटिन मिळालं, अर्थात त्यांच्याच कुठल्यातरी विषाणूचं. गरज सारखी, हत्यार सारखं, आणि प्रत्येक घराण्याने ते स्वतंत्रपणे पळवलेलं. हायडमान यांचा तर्क असा, की सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांत असंच एखादं पहिलं प्रथिन असावं. पुढे नवा विषाणू अधिक सरस प्रथिन घेऊन आला की काम त्याच्याकडे जाई आणि जुनं जनुक निकामी होऊन पडे. हे सिद्ध झालेलं नाही, पण इतक्या घराण्यांत इतकी वेगळी जनुकं का, याचा उलगडा त्यातून होतो.

आणि हे सगळं वारेतच का घडतं? शरीर आपल्या डीएनएतल्या जुन्या विषाणूंवर रासायनिक खुणा करून त्यांना गप्प बसवतं. वारेत या खुणा विरळ असतात, त्यामुळे तिथे ते बोलू लागतात. शिवाय अवयव काही महिन्यांचा. इतरत्र जे धोक्याचं ठरलं असतं, ते तिथे चालून जातं.

अशी घुसखोरी आजही चालू आहे. ऑस्ट्रेलियातल्या कोआलांमध्ये एक रेट्रोव्हायरस सध्या डीएनएत मुरतो आहे. उत्तरेत, क्वीन्सलँडमध्ये, तो सगळ्याच कोआलांमध्ये वारशाने आहे. दक्षिणेकडे जावं तसं प्रमाण कमी होतं. संशोधक प्राण्यागणिक त्याच्या जागा मोजताहेत, कारण अशी गोष्ट घडताना पाहायला सहसा मिळत नाही. त्याचं एखादं जनुक कोआलाच्या पुढच्या पिढ्यांना कामी येईलही. आज मात्र त्यांना त्यापासून मिळतात ते ल्युकेमिया आणि लिम्फोमा.