फुगलेला काठ

नारायणगडाच्या पायथ्याला असलेल्या वस्तीवरच्या एका घरची ही गोष्ट. दसरा आठ दिवसांवर आला होता. मुकादमाकडून उचल घेऊन झाली होती, कोयत्यांना धार लागली होती. बीड जिल्ह्यातल्या हजारो जोड्यांसारखे या घरातले नवरा-बायकोही दसरा होताच ऊसतोडीला निघणार आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परतणार होते. फडावरच्या कोपीत थंडी हाडात शिरते, म्हणून सुनेनं नवी गोधडी शिवायला घेतली होती.

आत सासूची जुनी लुगडी, काठाला बाजारातनं आणलेलं कोरं लाल कापड. मधला भाग तिनं बारीक, दाट टाक्यांनी भरून काढला. काठापाशी येईपर्यंत जीव मेटाकुटीला आला. तो एकाच दोऱ्यावर जोडून ती मोकळी झाली. ओसरीवर अंथरून बघते तर गोधडी मध्ये सपाट आणि चारही बाजूंनी काठ भाजलेल्या पापडासारखा उठलेला. इकडून दाबावा तर तिकडे फुगायचा. तिनं कात्री उचलली.

"काय करायलीस?" सासूनं विचारलं.

"जास्तीचं कापून टाकते, आत्याबाई."

"कापलंस तर टाके उसवतील, अन् फुगा तसाच राहील. आधी सुतळी आण."

म्हातारीनं गोधडीच्या मधोमध सुतळी धरली, गाठ मारली. मग तीच सुतळी काठावर लावली. काठ गाठीच्या पुढं चार बोटं गेला.

"पट्टीचं माप कुठून घेतलंस?"

"काठावरनं."

"काठाला जुनं लुगडं ताणतं. माप मधून घ्यायचं असतं."

दोघी कोपऱ्यापासून काठ उसवू लागल्या. उसवता उसवता सून म्हणाली, "यंदा पोराला बी संगं नेते. मास्तरांचा परत निरोप आला. शाळा बुडवून तळ्यावर बसतंय. वाया गेलंय. बास झाली त्याची शाळा."

म्हातारी काही बोलली नाही. तिनं चार बोटांतली दोन बोटं कापड शिवणीत घेतलं. उरलेला सैलपणा एकाच जागी न ठेवता तिनं काठाची निम्मी, मग पाव अशी वाटणी केली आणि प्रत्येक खुणेवर बाभळीचा काटा टोचला. एवढा मोठा फुगा लहान लहान होऊन काठभर विखुरला. मग मधल्या भागाला होते तेवढेच दाट टाके ती काठाला घालू लागली. टाक्यागणिक कापड आवळत गेलं, बसत गेलं.

"आता उरलंय थोडं," सून म्हणाली.

"पाण्यातनं काढली की कोरं कापड आटंल." म्हातारीनं दोरा तोडला. "बघ, काठात खोट नव्हती. सगळे टाके तू मधी घातलेस, काठाला एकच. मग तो फुगायचाच. घरात बी तसंच झालंय. उचल, फड, कर्ज, तिथं तुमचा सगळा जीव. पोरगं सहा महिने काठाला. त्याला किती टाके घातलेत? अन् आता कात्री घेऊन निघालीस."

सुनेची सुई थांबली. "मग काय करू? फडावर गेल्याबिगर भागतंय का?"

"जा की. पण रोज सांजच्याला फोन कर. आज शाळेत काय झालं ते इचार, पैशाचं नंतर बोल. गडावरला आपला नारायण म्हंजे नगद नारायण. लेकराला माया बी नगदच द्यावी; पाडव्याला येऊन देऊ म्हणलं की ती उधारी होती."

तेवढ्यात पोरगं आलं. आजीला सुईचं नेढं दिसेना, म्हणून तिनं दोरा त्याच्याकडे दिला. त्यानं तो ओवला आणि तिथंच बसला. त्या संध्याकाळी काठाची चौथी बाजू मायलेकांनी मिळून भरली.

दसऱ्यानंतर गोधडी गाडीत चढली. पोरगं आजीजवळ राहिलं आणि दप्तर घेऊन शाळेत गेलं.

फुगा काठाला दिसतो, पण त्याचं कारण बहुतेक वेळा मधल्या मापात असतं. म्हणून घरातलं कुणी हाताबाहेर चाललंय असं वाटलं, तर कात्री उचलण्याआधी त्याच्या वाट्याला आपले किती टाके आले ते मोजावं.