स्थलमाहात्म्य आणि स्थलविक्रय

१

परदेशातील स्थळे भारतीय पर्यटकाला विकण्याचा जो उद्योग गेल्या तीन-साडेतीन दशकांत उभा राहिला, त्याचा विचार आपल्याकडे प्रायः अर्थकारणाच्या किंवा व्यवस्थापनाच्या अंगाने होतो. परंतु हा व्यवहार मुळात भाषेचा आणि प्रतिमेचा आहे. विकली जाणारी वस्तू खरेदीच्या क्षणी ग्राहकासमोर नसते. त्याच्यासमोर असते ती तिच्याविषयीची संहिता. माहितीपत्रक, छायाचित्र, चित्रपटातील गीतदृश्य, सहलीचा दिवसवार कार्यक्रम ही त्या संहितेची रूपे होत. त्यामुळे तिची चिकित्सा समीक्षेच्याही कक्षेत येते. प्रस्तुत निबंधात एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : वर्णनाच्या द्वारे एखादे स्थळ दुसऱ्याच्या इच्छेचा विषय बनविणे नैतिकदृष्ट्या केव्हा आक्षेपार्ह ठरते?

'वर्णन असत्य असेल तेव्हा' हे उत्तर सहज सुचते. पण ते पुरेसे नाही. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथे ३४५४ मीटर उंचीवर १९१२ मध्ये रेल्वे पोहोचली. यूरोपातील हे सर्वांत उंच रेल्वेस्थानक. त्याची जाहिरात मात्र 'यूरोपचे शिखर' अशी केली जाते. शब्दशः पाहता हे विधान खरे नाही. तेथे उभे राहिल्यावर त्याहून उंच शिखरे डोळ्यांसमोरच दिसतात. तरीही आपली फसवणूक झाली असे तेथील प्रवाशाला वाटत नाही. याचा अर्थ असा, की स्तुतिपर वाक्याची परीक्षा सत्यासत्याच्या कसोटीवर संपत नाही.

२

या प्रकारच्या वाक्यांचा सूक्ष्म विचार आपल्या परंपरेत मीमांसकांनी केलेला आहे. वेदातील जी वाक्ये काही कर्तव्य सांगत नाहीत, केवळ स्तुती वा निंदा करतात, ती निरर्थक मानावीत काय, असा पूर्वपक्ष जैमिनीच्या सूत्रांत मांडलेला आहे. त्यावरील सिद्धान्त असा, की ही अर्थवादवाक्ये विधीशी एकवाक्यता पावून सार्थ होतात. वायू हा सर्वांत वेगवान देव आहे, या कथनाचे प्रयोजन वायूविषयी माहिती देणे हे नसून त्याला उद्देशून सांगितलेल्या कर्माकडे प्रवृत्त करणे हे आहे. जेथे स्तुती प्रत्यक्षाला सरळ विरोधी असते, तेथे तिला गुणवाद म्हणून गौण अर्थाने घ्यावे असेही सांगितले आहे. 'यूरोपचे शिखर' हा या अर्थाने गुणवादच होय.

मात्र साम्य येथेच संपते. मीमांसेत विधीचे प्रामाण्य अर्थवादावर अवलंबून नसते; स्तुती वगळली तरी कर्तव्य शिल्लक राहते. जाहिरातीच्या स्तुतीमागे असा स्वतंत्र विधी नसतो. 'या वर्षी स्वित्झर्लंडला चला' या आज्ञेतून स्तुती काढून घेतली, की तेथे जाण्याचे कोणतेही कारण उरत नाही. जाण्याचे प्रयोजन आणि जाण्याची प्रेरणा ही दोन्ही कामे स्तुतीलाच करावी लागतात. शिवाय मीमांसेत कर्माला अधिकारी लागतो, कर्त्याच्या ठायी काही पात्रता अपेक्षित असते. जाहिरातीच्या जगात अधिकाराचा प्रश्न पैसे भरले की मिटतो.

३

येथे असा आक्षेप घेतला जाईल, की आपल्या स्थलमाहात्म्यांचेही हेच आहे. क्षेत्राची अतिशयोक्त स्तुती, एका स्नानाने सर्व पापांचा क्षय, अखेरीस फलश्रुती. आणि या सर्वांवर ज्याची उपजीविका चालते असा तीर्थोपाध्यायांचा वर्ग. आक्षेपात तथ्य आहे. माहात्म्य निर्मळ आणि जाहिरात तेवढी बाजारी, अशी विभागणी इतिहासाला धरून होणार नाही.

भेद अन्यत्र शोधावा लागतो. महाभारताच्या वनपर्वात तीर्थांची लांबलचक स्तुती आहे. परंतु ज्याचे हात, पाय आणि मन संयत आहेत त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, अशी अट तेथेच घातलेली आहे. म्हणजे स्थळाची महती सांगता सांगता ही संहिता प्रवाशाकडे काहीतरी मागते. उपवास, क्षौर, सत्यभाषण, पायी चालणे हे नियम कितीजण पाळत होते हा प्रश्न वेगळा. प्रवास करणारा बदलेल, ही अपेक्षा संहितेत गृहीत असते. पर्यटनाच्या संहितेत हा संबंध उलटा होतो. तेथे स्थळ प्रवाशासाठी बदलल्याची ग्वाही दिली जाते : रोज भारतीय जेवण, जैन भोजनाची सोय, बरोबर मराठी बोलणारा टूर मॅनेजर. परके स्थळ परके वाटणार नाही, हेच तेथील अंतिम आश्वासन असते.

४

स्वित्झर्लंडचे उदाहरण या दृष्टीने अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. हिंदी चित्रपटाची आल्प्सशी ओळख 'संगम'पासूनची (१९६४). परंतु १९८९-९० नंतर काश्मीर चित्रीकरणाला जवळजवळ बंद झाले, आणि प्रणयगीताला लागणारा बर्फ व हिरवी कुरणे यांसाठी निर्माते मोठ्या प्रमाणावर तिकडे वळले. 'चांदनी' (१९८९) आणि 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' (१९९५) यांनी त्या भूदृश्याला भारतीय मनात घर करून दिले. २०१६ मध्ये इंटरलाकेन येथे यश चोप्रा यांचा पुतळा उभारण्यात आला. टिटलिस पर्वतावर शाहरुख खान आणि काजोल यांची मानवी आकाराची चित्राकृती उभी केलेली असून, तिच्याशेजारी छायाचित्र काढणे हा भारतीय प्रवाशांचा जणू विधीच झाला आहे.

या चिन्हव्यवहारात दोन अनुपस्थिती आहेत. पहिली काश्मीरची : आल्प्सच्या रूपाने आपल्याला आपलेच हरवलेले निसर्गचित्र परत विकले गेले, आणि ते का हरवले हा प्रश्न त्या चित्रात राहिला नाही. दुसरी तेथील रहिवाशांची. पर्यटक-मार्गदर्शिका देशाला स्मारके आणि पर्वत यांच्या यादीत रूपांतरित करतात व माणसे दिसेनाशी करतात, हे रोलाँ बार्थ यांनी १९५७ मध्येच दाखवून दिले होते. ती माणसे पुन्हा दिसू लागतात तेव्हा कशी दिसतात, याचे उदाहरण ब्रिएन्झ सरोवराकाठच्या इझेल्टवाल्डचे देता येईल. एका कोरियन दूरचित्रवाणी मालिकेत तेथील लाकडी धक्का दिसला. जेमतेम चारशे वस्तीच्या त्या गावात परदेशी प्रवाशांची रीघ लागली. आणि २०२३ मध्ये ग्रामपंचायतीने धक्क्यावर फिरते फाटक बसवून पाच फ्रँक आकारायला सुरुवात केली. गावाने प्रवाशाकडे काही मागितले, पण ते मागण्यासाठी त्याला उपलब्ध असलेली भाषा फक्त शुल्काची होती.

५

याचा अर्थ सहलीला जाणाऱ्या माणसाला हिणवावे असा नव्हे. 'आम्ही प्रवासी, ते पर्यटक' ही तुच्छता पर्यटनाच्या व्यवस्थेचाच भाग आहे, असे डीन मॅक्कॅनेल यांनी १९७६ मध्ये म्हटले होते. जन्मभर घर आणि नोकरी सांभाळून साठीत पहिल्यांदा पारपत्र काढणाऱ्या स्त्रीला त्या सहलीत जे स्वातंत्र्य लाभते, ते खरेच असते. परकी भाषा, परके अन्न यांची भीती कमी झाल्याशिवाय तिचे पाऊल बाहेर पडले नसते. तेव्हा सोयीला दोष देता येणार नाही. दोष आहे तो सोयीपलीकडे काहीच न मागण्यात; कारण ज्याच्याकडे काहीच मागितले जात नाही, त्याला नैतिक कर्ता म्हणून वागविले जात नाही.

असा कर्ता नाकारला गेला की तो विकृत रूपाने परततो. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांविषयी अवमानकारक उद्गार काढल्यावर त्या देशावर बहिष्काराची हाक दिली गेली. २०२३ मध्ये तेथे सर्वाधिक, म्हणजे दोन लाखांहून अधिक पर्यटक भारतातून गेले होते. त्याच वर्षी पुढे मालदीवला मुंबई-दिल्ली-बंगळूर येथे आर्जवाचे मेळावे भरवावे लागले. पर्यटक नागरिक म्हणून जागा झाला खरा. परंतु त्याच्या हाती दोनच क्रिया होत्या, पैसे देणे आणि पैसे न देणे. ज्यांच्या रोजगारावर या निर्णयाचा परिणाम होणार होता ती माणसे दोन्ही वेळा त्याच्या दृष्टीबाहेरच राहिली.

मराठी प्रवासलेखनाला येथे काही सांगता येण्यासारखे आहे. पंडिता रमाबाईंच्या १८८९ मधील अमेरिकाविषयक ग्रंथाच्या शीर्षकात 'प्रवासवृत्ता'च्या आधी 'लोकस्थिती' येते. 'अपूर्वाई'त (१९६०) विनोदाचा विषय बहुधा प्रवासी स्वतःच असतो. परक्या देशासमोर त्याचे मध्यमवर्गीय मन उघडे पडते. दोन्हीकडे स्थळ प्रवाशाला प्रश्न विचारते. अलीकडची पुष्कळ प्रवासवर्णने मात्र माहितीपत्रकाचीच फलश्रुती गातात. त्यांच्या परीक्षणात हा भेद क्वचितच नोंदला जातो.

स्थलवर्णनाची नैतिक कसोटी त्याच्या सत्यतेत नाही, तशी ते विकण्यासाठी लिहिले की नाही यातही नाही. वर्णिलेल्या स्थळाला वाचकाकडे काही मागण्याची जागा त्या वर्णनाने ठेवली आहे काय, हे पाहावयाचे. ही कसोटी जाहिरातीला लावायची, तर ती प्रथम आपल्या प्रवासवाङ्मयाला लावली पाहिजे.