आधी उतरायला शिक

शहाड स्टेशनपासून जवळच्या एका सोसायटीत एक मुलगा राहत होता. आई-बाबा सकाळच्या लोकलने कामाला जायचे आणि दिवे लागल्यावर परतायचे. दिवसभर घरात तो आणि आजी. आजोबांची सगळी नोकरी रेयॉन कंपनीत झाली होती. ते गेल्यापासून आजी दर एकादशीला बिर्ला मंदिरात विठ्ठलाला जाऊन यायची, बाकी वेळ नातवाचा.

मे महिन्यात मामा आला आणि भाच्यासाठी हॉवरबोर्ड घेऊन आला. सोबत हेल्मेट होतं, मनगटाला बांधायची गार्डं होती. मामाने बजावून सांगितलं, "हे दोन्ही घातल्याशिवाय चढायचं नाही. आणि चार्जिंगला लावून झोपायचं नाही. २०१६ साली अमेरिकेत बॅटऱ्या पेटल्या म्हणून ५ लाखांवर बोर्ड परत मागवावे लागले होते." आजीने ते ऐकलं आणि चार्जर उचलून आपल्या कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पार्किंगच्या सपाट फरशीवर शिकणं सुरू झालं. खांबाला धरून मुलगा चढला. पंजावर जरा भार दिला की बोर्ड पुढे जाई, टाचेवर दिला की मागे. थोड्याच वेळात तो दोन खांबांमधलं अंतर हात सोडून जाऊ लागला. पण दर वेळी शेवटी धपकन पडायचा. गुडघा खरचटला, तरी पुन्हा चढला, पुन्हा पडला.

आजी खुर्चीवर मेथी निवडत बसली होती. तिने जुडी बाजूला ठेवली.

"बाळा, मी मघापासून बघतेय. चालताना तू पडत नाहीस. उतरताना पडतोस."

मुलगा थांबला. आजी म्हणाली, "तू पुढे उडी मारतोस. एक पाय जमिनीवर येतो, तेव्हा दुसऱ्याचा पंजा फळीवर दाबला जातो. मग ते चाक एकटंच पळतं आणि सगळं धूड गर्रकन फिरतं."

मुलाला मामाचं बोलणं आठवलं. दोन्ही चाकांना आपापली मोटर होती, ज्या पायाचा भार जसा झुकेल तसं त्याखालचं चाक फिरायचं. आजीने नुसत्या डोळ्यांनी तेच ओळखलं होतं.

"आता चालवायचं नाही," आजी म्हणाली. "चढायचं आणि उतरायचं. आधी पूर्ण थांब. नजर समोर, पायांकडे नको. मग एक पाय मागे टाक, लगेच दुसरा."

सगळी संध्याकाळ मुलगा खांबाला धरून चढत राहिला, उतरत राहिला. पोरं जमली. "अरे, चालव ना!" म्हणून हसली. मुलाचे कान लाल झाले, पण त्याने सोडलं नाही. पाय आपसूक मागे पडू लागला तेव्हाच आजीने त्याला पुढे जाऊ दिलं.

एका दुपारी आजी वर पडली होती. शेजारच्या इमारतीतला एक मोठा मुलगा खाली आला. त्याने बोर्ड मागून घेतला. हेल्मेट नको म्हणाला, गार्डंही नको म्हणाला. दोन मिनिटांत तो झोकात फिरू लागला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या आवाजातच तो गेटच्या उताराकडे वळला. बोर्डाने वेग धरला, टी-टी करून इशारा दिला. मोठा मुलगा घाबरला आणि पुढे उडी मारून मोकळा झाला. हाताचं मनगट मोडलं.

आजीला वाईट वाटलं. प्लॅस्टरमधला हात बघायला ती लाडू घेऊन गेली, रागावली मात्र नाही.

चालवण्याचं कौतुक सगळ्यांना दिसतं, त्याला टाळ्याही मिळतात. थांबायला आणि उतरायला शिकणाऱ्याकडे कोणी बघत नाही. पण ज्याला नीट उतरता येतं त्याला चालताना भीती उरत नाही, आणि न भिणाऱ्याचा तोल सहसा जात नाही.

प्लॅस्टर निघालं, हातात पुन्हा बळ आलं, तसा तो मोठा मुलगा परत पार्किंगमध्ये आला. जरा संकोचून उभा राहिला. आजीने त्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, पट्टा हनुवटीखाली ओढून बसवला. नातवाने त्याच्या मनगटांना गार्डं बांधली आणि बोर्ड सुरू करण्याआधी विचारलं, "दादा, उतरताना पाय कुठे टाकणार?"

"मागे," तो म्हणाला.

"मग ये, खांबाला धर."